आधी नख तपासू दे

मिरज

प्रिय मंजू,

तुझा निरोप मिळाला आणि फोटोही बघितले. अंगठ्याचं नख पिवळं पडलंय, जाड झालंय, कडेने भुसा सुटतोय. अमेरिकेत तुमच्या एडिसनमधल्या पायांच्या डॉक्टरांनी लेझरच्या तीन सिटिंगचे बाराशे डॉलर सांगितलेत आणि विमा त्यातला एकही देणार नाही. गोळ्यांनी लिव्हर बिघडतं, लेझरला कसलेच साइड इफेक्ट नाहीत, असं त्यांच्या पत्रकात छापलंय. त्यात विलासरावांच्या टाचेचंही तिथेच पॅकेज ठरतंय म्हणतेस. फोनवर सांगायला गेले असते तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून रविवारची दुपार मोकळी काढून लिहायला बसले.

नखासाठी आत्ता लेझर करू नकोस. टाचेचं उत्तर वेगळं आहे, त्यावर पुढे येते.

सगळ्यात आधी एक विचारते. ही बुरशीच आहे हे कुणी ठरवलं? तू लिहिलंयस की डॉक्टरांनी नुसतं बघून सांगितलं. मंजू, मी इतकी वर्षं ओपीडीत नखं बघतेय, तरी नुसत्या नजरेवर माझा भरवसा नाही. बिघडलेल्या नखांपैकी साधारण निम्मीच बुरशीची निघतात. उरलेली सोरायसिसची असतात, बुटाच्या घर्षणाची असतात, कधी जुन्या माराची. तू रोज तासभर ट्रेडमिलवर चालतेस, तेही बंद बुटात. अंगठा पुढे आपटून आपटून नख असंच जाड आणि पिवळं होऊ शकतं, आणि त्या नखावर जगातलं कुठलंही बुरशीचं औषध काम करणार नाही, कारण मारायला तिथे बुरशीच नाही.

तपासणी अगदी साधी असते. नखाचा तुकडा आणि त्याखालचा भुसा घ्यायचा, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात विरघळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे दिसतात का बघायचं. शंका राहिली तर कल्चर लावायचं, म्हणजे बुरशी उगवते का ते बघायचं, किंवा नखाचा तुकडा पॅथॉलॉजीत पाठवून पीएएस रंगाने बघायचा. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीने, २०१३ मध्येच आपल्या सभासदांना सांगितलंय की नखात बुरशी आहे असं तपासून ठरल्याशिवाय पोटातून बुरशीचं औषध देऊ नका. गोळीच्या आधी जी तपासणी हवी, ती बाराशे डॉलरच्या लेझरआधी का नको? माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथेच आहे. लेझर चालतं की नाही हा वाद नंतरचा.

आणखी एक, हे मात्र मनावर घे. नखात उभी काळी किंवा तपकिरी रेघ दिसत असेल, रुंदावत असेल, शेजारच्या कातडीवर काळेपणा पसरत असेल, तर ते आधी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवायचं. आपल्यासारख्या सावळ्या लोकांच्या नखांत अशा रेघा बऱ्याचदा निरुपद्रवी असतात, पण क्वचित तो मेलॅनोमा, म्हणजे कर्करोग असतो. अशा नखावर निदान न करता लेझर मारलं तर रोग हाताबाहेर जाईपर्यंत कुणाला कळणारही नाही. तुझ्या फोटोत मला तशी रेघ दिसली नाही, तरी उजेडात स्वतः नीट बघ.

आता लेझर नखात करतं तरी काय? तुझ्यासाठी जे सुचवलंय ते बहुधा निओडिमियम-याग लेझर, १०६४ नॅनोमीटरचं. हा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो नखातून आरपार जातो आणि आतल्या ऊती तापवतो. लेझरने नको असलेले केस किंवा गोंदण काढताना किरणाला नेमकं लक्ष्य मिळतं: काळा रंग किरण शोषतो, आजूबाजूची कातडी वाचते. नखातल्या बुरशीला भोवतालापासून वेगळं पाडणारं असं ठळक लक्ष्य नाही. मग उरते ती उष्णता. प्रयोगशाळेत पाहिलं गेलंय की नखाच्या बुरशीतली मुख्य, ट्रायकोफायटॉन रुब्रम, मारायला ५० अंश सेल्सियस तापमान सुमारे १५ मिनिटं टिकवावं लागतं. माणसाला साधारण ४३ ते ४५ अंशांनाच दुखायला लागतं. नख निर्जीव असलं तरी त्याच्या खालची कातडी जिवंत आहे. रुग्ण ‘भाजतंय’ म्हणाला की हात पुढे सरकतो, सरकायलाच हवा. मग बुरशीला पुरेल इतकी धग पुरेसा वेळ तिथे राहते कुठे?

अर्थात प्रयोगशाळेतली गोष्ट आणि माणसाचा पाय यांत फरक असतो, म्हणून माणसांवरच्या चाचण्या बघायच्या. सुरुवातीचे बरेच अभ्यास असे होते की पाच-पंचवीस रुग्णांना लेझर दिलं, आधीचे-नंतरचे फोटो काढले आणि यशाचा टक्का जाहीर केला. तुलनेला दुसरा गट नाही. मग स्टॅनफर्डच्या त्वचारोग विभागाने चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी केली. ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली: २७ रुग्ण, १२५ नखं, दोन आठवड्यांच्या अंतराने दोन सिटिंग. तीन महिन्यांनी लेझरच्या गटात ३३ टक्क्यांचं कल्चर बुरशीमुक्त आलं आणि काहीच न केलेल्या गटात २० टक्क्यांचं. इतक्या थोड्या माणसांत हा फरक योगायोगानेही पडू शकतो. वर्षाने बघितलं तर दोन्ही गट सारखेच होते. काहीही न करता २० टक्क्यांचं कल्चर स्वच्छ आलं, हा आकडा मला फार बोलका वाटतो. नखातून बुरशी कल्चरमध्ये दर वेळी उगवत नाही, एवढंच त्याचं कारण. तुलनेचा गट नसता तर ते श्रेयही लेझरच्या खात्यात गेलं असतं.

२०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा आला. नखाला बाहेरून लावायची औषधं आणि यंत्रं यांचे ५६ अभ्यास आणि साडेबारा हजारांच्या आसपास माणसं त्यात आहेत. त्यातून याच लेझरची खोट्या किंवा शून्य उपचाराशी वर्षाच्या शेवटी तुलना करता आली ती दोन अभ्यासांत मिळून फक्त ८५ जणांत, आणि बुरशी जाण्याच्या प्रमाणात फरक जवळपास नाहीच. पुरावाही कमी दर्जाचा, असं त्यांनी स्वतःच नोंदवलंय. म्हणून लेझर कधीच कुणाला उपयोगी पडत नाही असं मी म्हणणार नाही. यंत्रं वेगवेगळी, ऊर्जा वेगळी, सिटिंगची संख्या वेगळी. उद्या एखादी पद्धत चांगल्या चाचणीत टिकली तर मी आनंदाने माझ्या रुग्णांना सांगेन. पण पैसे आज घेतले जातायत आणि पुरावा आज नाही.

तू विचारशील की मग औषधं-यंत्रांना मान्यता देणाऱ्या तिकडच्या सरकारी एफडीएने परवानगी कशी दिली? मलाही रुग्ण हेच विचारतात. पायाच्या नखांसाठीच्या लेझरला पहिली परवानगी २०१० मध्ये मिळाली, पिनपॉइंट फूटलेझर या यंत्राला. नव्या औषधाला बाजारात यायचं तर मोठ्या चाचण्यांतून ते उपयोगी आहे हे दाखवावं लागतं. अशा यंत्रांचा रस्ता वेगळा आहे: बाजारात आधीच असलेल्या यंत्राशी हे मूलतः समान आहे, एवढं दाखवलं की बहुतेकदा पुरतं. आणि परवानगी कशाची आहे ते वाच. बुरशी लागलेल्या नखाचा स्वच्छ दिसणारा भाग तात्पुरता वाढवण्याची. बुरशी बरी करण्याचं नाव त्यात नाही. तुझ्या पत्रकात मात्र ‘एफडीएमान्य उपचार’ एवढंच येतं आणि ‘तात्पुरता’ गळून पडतं. जो डॉक्टर रुग्णासमोर बसून हे वाक्य पूर्ण वाचून दाखवतो आणि मग विचारतो, की तुला दिसण्यासाठी हवंय का, त्याच्याशी माझं भांडण नाही. नख बरं दिसावं म्हणून पैसे खर्च करायचा तुला पूर्ण हक्क आहे. लग्नकार्यात उघड्या चपलांत वावरताना लाज वाटते, हे मला बायका रोज सांगतात. त्यांची ती अडचण मी किरकोळ मानत नाही.

‘स्वच्छ दिसणं’ किती फसवं असतं ते आणखी सांगते. अशा क्लिनिकात लेझरच्या आधी नख घासून पातळ करतात, कापतात. नुसत्या त्याने नख निम्मं सुधारलेलं दिसतं. सोबत लावायला मलम देतात, बुटांत मारायचा फवारा देतात. वर्षाने सुधारणा दिसली तर ती कशाची? आणि खरंच वर्षभर थांबावं लागतं. आपल्याकडे लग्नात पायाच्या नखांना मेंदी लागते ना, ती अंगठ्याच्या नखावर किती महिने पुढे सरकत राहते आठवून बघ. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला बारा ते अठरा महिने लागतात. तीन महिन्यांच्या फोटोवर जो निकाल सांगतो, त्याने अजून नख बघितलेलंच नाही.

गोळ्यांबद्दल तुझ्या मनात जी भीती घातलीय, तीही बाजूला कर. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम, रोज एक, बारा आठवडे. या औषधाच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात ४८ आठवड्यांनंतरचे आकडे आहेत: तपासणीत बुरशी गेली ७० टक्क्यांची, आणि बुरशीही गेली व नखही पूर्ण स्वच्छ झालं असे ३८ टक्के. हा ३८ चा आकडा तुला पत्रकातल्या मोठ्या टक्क्यापुढे किरकोळ वाटेल, पण तो कडक कसोटीवरचा आहे. वरून लावायच्या एफिनाकोनाझोलचं तसंच. वर्षभर रोज लावून दोन चाचण्यांत पूर्ण बरे झाले १७.८ आणि १५.२ टक्के, तर औषध नसलेलं द्रावण लावणारे ३.३ आणि ५.५ टक्के. नखाची बुरशी चिवट आहे, कुठल्याच उपचाराला ती सहज दाद देत नाही. गोळीने लिव्हरला त्रास होतो तो क्वचित. गोळीआधी रक्त तपासायचं, लिव्हरचा जुना आजार असेल तर गोळी टाळायची, आणि तुझ्या बाकीच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवायची, कारण नैराश्याच्या आणि रक्तदाबाच्या काही औषधांशी तिचं जमत नाही. तोंडाची चव गेली तर लगेच कळवायचं. काळजी घेऊन देता येतं असं हे औषध आहे. ‘लिव्हर बिघडतं’ एवढंच सांगून माणसाला घाबरवणं आणि मग दुसरं काही विकणं, याचा मला मनापासून राग येतो.

लेझरवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी मानते: औषधाला न जुमानणारी बुरशी वाढतेय. ती वाढायला आपण इथे मोठा हातभार लावला. स्टेरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असलेली मलमं औषधाच्या दुकानात मागितली की मिळत, आणि लोक गजकर्णावर महिनोन्‌महिने ती चोळत. २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. २०२० मध्ये या हट्टी बुरशीला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे नाव मिळालं, आणि २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांत ती सापडल्याचं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, सीडीसीने, कळवलं. ती मुख्यतः अंगावरच्या गजकर्णात दिसते. तरी नवे उपाय लागणार आहेत, आणि म्हणूनच त्यांची परीक्षा नीट व्हायला हवी.

आता विलासरावांची टाच. इथे यंत्रच वेगळं आहे. नखासाठीचं लेझर धग देतं, टाचेसाठीचं बहुतेकदा कमी ताकदीचं, कातडी न तापवणारं. याची सुरुवात बुडापेस्टच्या एन्ड्रे मेस्टर यांच्यापासून सांगतात. १९६० मध्ये पहिलं लेझर तयार झालं आणि १९६७ च्या सुमारास मेस्टर उंदरांवर प्रयोग करत होते, तेव्हा केस काढलेल्या जागी किरणांखाली केस भराभर उगवलेले त्यांना दिसले. तिथून दुखणं, सूज, जखमा, सगळ्यांवर हा प्रकाश टाकून बघितला गेला.

सकाळी उठल्यावर पहिली पावलं टाकताना टाच टोचते, चाललं की कमी होते, हे विलासरावांचं वर्णन तळव्याच्या पट्ट्याच्या दुखण्याशी, प्लांटर फॅसायटिसशी जुळतं. १९९८ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी ३२ जणांवर खरं आणि खोटं लेझर देऊन बघितलं, तेव्हा काही फरक आढळला नाही. नंतरच्या काही चाचण्यांत मात्र वेदना थोड्या काळासाठी कमी झाल्या. त्यामुळे अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेच्या २०२३ च्या सूचनांत कमी ताकदीच्या लेझरला जागा आहे: व्यायामाच्या कार्यक्रमाचा भाग म्हणून, अल्पकाळ वेदना कमी करण्यासाठी. मला हे प्रामाणिक वाटतं. नख आणि टाच यांचा निकाल मी वेगळा लावते तो याचमुळे. पण ‘जास्त ताकदीचं, नव्या पिढीचं’ म्हणून दुप्पट पैसे सांगितले तर देऊ नका. लिथुआनियात २०२० मध्ये जास्त आणि कमी ताकदीच्या लेझरची तुलना झाली, तेव्हा दोन्ही गट सुधारले आणि दोघांत म्हणावा असा फरक पडला नाही. शिवाय या दुखण्याचे बहुसंख्य रुग्ण वर्षभरात साध्या उपायांनीच बरे होतात, हे कुठलंही पॅकेज घेताना लक्षात ठेवायचं.

विलासरावांना माझा निरोप सांग: पायरीवर उभं राहायचं, बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, टाच सावकाश वर न्यायची आणि सावकाश खाली आणायची. एक दिवसाआड. डेन्मार्कमध्ये २०१४ च्या चाचणीत तीन महिन्यांनी हा व्यायाम नुसत्या ताणाच्या व्यायामापेक्षा सरस ठरला, वर्षाने दोन्ही बरोबरीत आले. शिवाय घरात फरशीवर अनवाणी फिरणं बंद. ते ऐकणार नाहीत, तू मागे लाग.

आणि तुझी साखर. इथे मला खरी काळजी आहे, मंजू. मागे म्हणाली होतीस की तळवे बधिर वाटतात. लेझर करताना जास्त तापलं की रुग्णाने ‘भाजतंय’ म्हणायचं, या एका गोष्टीवर सगळी सुरक्षितता उभी असते. ज्याला जाणवतच नाही तो म्हणणार कसा? साखरेच्या पायावर लहानशी भाजही महिनोन्‌महिने चिघळू शकते. तुझ्या पायांची जाणीव त्या क्लिनिकात मोनोफिलामेंटने, म्हणजे नायलॉनच्या बारीक तंतूने, तपासली का? नसेल तपासली तर मला कळव, कारण मग तिथे जाऊच नकोस असं मी म्हणेन. बधिरपणा जाण्यासाठी म्हणून इन्फ्रारेड दिव्यांची यंत्रंही तिकडे खूप खपली होती. खोट्या यंत्राशी तुलना झाली तेव्हा ती उपयोगी ठरली नाहीत, आणि २००६ मध्ये मेडिकेअर या सरकारी विमा योजनेने त्यांचे पैसे देणं बंद केलं. तेही कुणी गळ्यात मारेल, सावध राहा.

बधिर पायांचं शास्त्र जगाला ज्यांनी शिकवलं त्यांत वेल्लोरला काम केलेले डॉ. पॉल ब्रँड मोठे. कुष्ठरोग्यांच्या पायांवर काम करताना त्यांनी दाखवून दिलं की जखम भरत नाही ती त्याच जागी पुन्हा पुन्हा दाब पडतो म्हणून. दाब काढा, प्लास्टर घाला, मऊ तळाची चप्पल द्या, जखम भरते. आजही साखरेच्या पायाच्या जखमेत दाब काढणं आधी येतं, आणि ते न करता नुसते किरण टाकत बसणं मला धोक्याचं वाटतं.

नातवाच्या तळव्यावरच्या चामखिळीबद्दलही विचारलंयस, तेही थोडक्यात सांगते. मुलांच्या चामखिळी पुष्कळदा आपोआप जातात. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये २४० जणांवर द्रव नायट्रोजनने गोठवणं आणि ५० टक्के सॅलिसिलिक आम्ल घरी लावणं यांची तुलना झाली, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. बारा आठवड्यांनी दोन्हीकडे १४ टक्केच बरे झाले होते. मग स्वस्त आणि न दुखणारं आधी करावं. चामखीळ लेझरने जाळताना उठणाऱ्या धुरात विषाणूचे अंश सापडलेत, म्हणून धूर ओढणारं यंत्र आणि योग्य मास्क नसेल तर मुलाला तिथे बसवू नका.

तुझ्यासाठी आता एवढं कर. त्या डॉक्टरांकडे परत जा, त्यांच्याशी भांडू नकोस. तुमच्याकडच्या पोडियाट्रिस्टचं शिक्षण चार वर्षांचं, चांगलं असतं, आणि त्यांच्यातलेही बरेच जण हीच सावधगिरी सांगतात. नखाचा तुकडा तपासायला पाठवा म्हण. किरण कोण मारणार, स्वतः डॉक्टर की मदतनीस, ते विचार. डोळ्यांना त्याच तरंगलांबीचा चष्मा तुलाही देतात का बघ, कारण न दिसणारा हा किरण डोळ्याचा पडदा जाळू शकतो. वर्षाने तपासणीत बुरशी निघाली तर काय, हेही विचार. उत्तर ‘आणखी तीन सिटिंग’ असं आलं तर पर्स बंद कर.

तोवर रोज बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसत जा. तिथे चिखल्या असतील तर त्यांवर साधं बुरशीचं मलम लाव, कारण नखातली बुरशी बऱ्याचदा तिथूनच येते. पार्लरमध्ये पेडिक्युअर करणार असशील तर स्वतःचं नेलकटर घेऊन जा. अहवाल आला की लगेच पाठव, आणि साखरेची तीन महिन्यांची सरासरीही. गोळी घ्यायची ठरली तर सुरू करण्याआधी रक्ताचे आकडे मला बघू दे.

तुझी,
शुभदा